थंडीत टाकीतली चिलापी (तिलापिया मासा) मरते, पाणी तर चांगलंय. मीठ टाकायचं का, आणि टाकायचं तर किती?

द्राक्षवाला_निफाड
नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायची वेळ आली. बागेसाठी शेततळं आहे, अंदाजे २० लाख लिटर, त्यात जोडधंदा म्हणून चिलापी सोडतो आणि घराजवळ ताडपत्रीच्या गोल टाक्यांमध्ये (एकेक १० हजार लिटर) बोटुकली, म्हंजे बोटाएवढी पिल्लं, वाढवतो. शेततळ्यात फारसं काही होत नाही पण थंडीची लाट आली की टाकीतली बोटुकली आडवी पडायला लागतात, आधी खाणं सोडतात मग कोपऱ्यात गठ्ठा करून बसतात मग एका कुशीवर, आणि दोन-चार दिवसांनी अंगावर कापसासारखं येतं. पाणी तपासलं, अमोनिया नाही, पीएच ठीक, हवा चोवीस तास चालू. शेजारचे भाऊ म्हणतात मीठ टाक. माशाचं बी (पिल्लं) देणारा म्हणतो गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ म्हंजे विष, हात लावू नको. कुणाचं ऐकू?

मीठमसाला
टाका की राव, आमच्या घरी फिश टँकला आजोबा चिमूटभर टाकायचे, कधी मासा मेला नाही.

बायोफ्लॉक_सिन्नर
चिमटीने काय होतंय १० हजार लिटरला. दादा आधी सांगा पाण्याचं टेंपरेचर किती होतं, हवेचं नको. निफाडचा पारा पेपरात येतो तो हवेचा असतो, माशाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

द्राक्षवाला_निफाड
सकाळी सहाला टाकीत १२, दुपारी २१ पर्यंत जातं. शेततळ्यात बांबूला थर्मामीटर बांधून खाली सोडला तर १६-१७, आणि ते दिवसभर जवळपास तेवढंच.

झूलॉजीवाली
दादा तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी कॉलेजला प्राणीशास्त्र शिकवते, आणि मुलांना हे सांगायला दरवर्षी सगळ्यात जास्त वेळ लागतो की गोड्या पाण्यातला मासा हा त्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतो. लिटरला साधारण ८ ते १० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याइतका त्याच्या रक्ताचा खारटपणा, आणि बाहेर तुमच्या टाकीत ग्रॅमभरसुद्धा नाही. मधे काय आहे, तर कल्ल्याची कातडी, जी मुद्दाम अतिशय पातळ ठेवलेली आहे कारण तिच्यातनंच ऑक्सिजन घ्यायचाय. त्यामुळे परासरणाने (पाणी पातळ बाजूकडून खारट बाजूला झिरपतं त्याने) पाणी सतत आत घुसतं आणि मीठ सतत बाहेर झिरपतं, रात्रंदिवस, मासा झोपला तरी. यावर माशाचे उपाय दोन. एक म्हणजे पाणी जवळपास प्यायचंच नाही आणि मूत्रपिंडातनं भरपूर पातळ लघवी करून आत घुसलेलं पाणी टाकून द्यायचं. दुसरा म्हणजे कल्ल्यात खास पेशी असतात, त्यांना जुन्या पुस्तकात क्लोराईड सेल म्हणतात आणि हल्ली आयनोसाइट म्हणतात, त्या पेशी बाहेरच्या जवळजवळ बिनमिठाच्या पाण्यातनं सोडियम न् क्लोराईड वेचून वेचून आत ओढतात. हे ओढणं फुकट होत नाही, ऊर्जा जाळून होतं, म्हणून त्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, ठासून भरलेले दिसतात.

आता थंडी. झिरपणं ही साधी भौतिक गोष्ट, पाणी दहा अंशांनी गार झालं तर ती थोडीशीच मंदावते. ओढणं मात्र एन्झाइमचं (पेशीतली कामं घडवणाऱ्या प्रथिनांचं) काम, ते तेवढ्याच गारठ्यात निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तळ्याचा कागद फाटलाय, गळती तेवढीच चालू आहे आणि भरणाऱ्या मोटरचं व्होल्टेज मात्र गेलंय. पाणी स्वच्छ असून उपयोग नाही, माशाच्या आतलं मीठ संपत चाललंय.

द्राक्षवाला_निफाड
आयला. म्हंजे शेततळ्यात मरत नाहीत ते १६ असतं म्हणून?

झूलॉजीवाली
१६ असतं म्हणून, आणि ते हळूहळू १६ ला येतं म्हणूनही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १६-१७ च्या खाली खाणं सोडते आणि १० ते १२ च्या दरम्यान मरायला लागते. पण दिवाळीपासून पाणी रोज थोडं थोडं गार होत गेलं तर मासा तयारी करतो, पेशींच्या पडद्यातली चरबी बदलून तो पडदा गारठ्यातही मऊ ठेवतो, एन्झाइमचं प्रमाण वाढवतो. या तयारीला आठवडे लागतात. तुमच्या टाकीत एका दिवसात नऊ अंश वर नऊ अंश खाली होतंय, तयारी करणार कशाची, दुपारची का पहाटेची?

काठावरचा
मॅडम एक शंका. मग मीठ टाकलं की मोटर सुरू होते असं म्हणायचंय का? मला वाटायचं मीठ जंतू मारतं म्हणून टाकतात.

झूलॉजीवाली
मोटर सुरू होत नाही, गळती कमी होते. बाहेर लिटरला ५ ग्रॅम मीठ असलं की आतबाहेरचा फरकच निम्मा झाला, तेवढं झिरपणं कमी, तेवढं ओढायचं काम कमी. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांचं १९७१ चं काम आहे मोझांबिक तिलापियावर, ११ अंशाच्या गोड्या पाण्यात ठेवलेल्या माशांच्या रक्तातलं सोडियम-क्लोराईड घसरत गेलं आणि मासे गेले, तेच ५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्यातले जास्त तगले. गारठा तोच, फरक मिठाचा.

पण हेही सांगते की गारठ्याने मरण्याचं कारण हे एकटं नाही. मेंदू न् मज्जासंस्थाही सुन्न होते, प्रतिकारशक्ती बसते, म्हणून तो कापूस (ती बुरशी असते) नंतर चढतो. ८ अंशात गेलेली चिलापी मिठाने परत येणार नाही. आणि जंतूंवर मिठाचा परिणाम होतो काही प्रमाणात, बुरशीवर तर होतोच, पण थंडीत मिठाची खरी कमाई ही गळती कमी करण्यातली आहे.

कॉलेजरोड_गोल्डफिश
बाल्कनीत मोठा टब आहे माझा, गोल्डफिश, नळाला गंगापूर धरणाचं पाणी. डिसेंबरात पाणी १०-११ ला जातं तरी एकही मेला नाही, नुसते तळाला संथ बसतात. त्यांची मोटर वेगळी आहे का? 😄

झूलॉजीवाली
तुमचे मासे भारी आहेत खरंच, हे मला फार आवडतं सांगायला. माशाच्या कल्ल्यावर लाल तंतू असतात आणि प्रत्येक तंतूवर दोन्ही बाजूंना अतिशय पातळ पाकळ्या, त्या पाकळ्यांत रक्त फिरतं. बहुतेक माशांच्या पाकळ्या कायम उघड्या. पण गोल्डफिश आणि त्याचा युरोपातला भाऊबंद क्रुशियन कार्प यांच्यात गार पाण्यात त्या पाकळ्यांमधल्या खाचा पेशींच्या थराने बुजून जातात, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पाकळ्या दिसतच नाहीत, तंतू सरळ काठीसारखा दिसतो. गारठ्यात मासा संथ, ऑक्सिजन कमी लागतो, पाण्यात ऑक्सिजन मुबलक, मग एवढा उघडा पृष्ठभाग ठेवून मीठ कशाला गमवायचं! आणि आयनोसाइट त्या थराच्या बाहेरच्या कडेला सरकतात म्हणजे त्यांचं ओढणं चालू. पाणी तापलं किंवा ऑक्सिजन कमी झाला की थर झडतो, पाकळ्या परत उघड्या. क्रुशियनमधलं हे २००३ साली पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं. शतकभर लोक कल्ले चिरत होते तोपर्यंत.

बायोफ्लॉक_सिन्नर
ताई म्हणजे श्वास आणि मीठ यात कायम ओढाताण आहे असं म्हणायचं ना? कारण माझा प्रॉब्लेम उलटा आहे, माझे एप्रिल-मे मध्ये जातात, पहाटे. तेव्हा तर मोटरचं व्होल्टेज फुल असणार.

झूलॉजीवाली
अगदी बरोबर पकडलंत. पाणी २० चं ३० अंश झालं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरला ९.१ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो, आणि माशाची गरज मात्र साधारण दुप्पट होते. मग मासा कल्ल्यातनं जास्त रक्त फिरवतो, एरवी ज्यांत रक्त फारसं जात नाही त्या पाकळ्यांतही सोडतो, जास्त पाणी ओढतो. जेवढं दार उघडं तेवढं मीठ बाहेर न् पाणी आत. पोहून दमलेल्या, जाळ्यात धडपडलेल्या माशाचंही हेच होतं, त्यात अॅड्रेनॅलिन कल्ल्यातनं रक्त आणखी जोरात फिरवतं. म्हणून बी पिशवीत भरून लांब नेताना जाणकार लोक पाण्यात थोडं मीठ घालतात. कसारा घाट चढून आलेलं बी इथं आल्यावर मरतं ते बऱ्याचदा प्रवासात मरत नाही, प्रवासात गमावलेलं मीठ परत भरता न आल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतं.

तुमचं पहाटेचं मात्र आधी ऑक्सिजनचंच बघा, मिठाचं नंतर. बायोफ्लॉकच्या टाकीत मुद्दाम वाढवलेले जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, त्यातले जिवाणू रात्रभर ऑक्सिजन खातात, आणि लाइट गेली तर?

बायोफ्लॉक_सिन्नर
लाइटचं विचारू नका. जनरेटर घेतला त्याचंच कर्ज चालू आहे.

बरं मीठ मी टाकतो पण वेगळ्या कारणाने, ते इथं नव्या लोकांसाठी लिहून ठेवतो कारण या धाग्यावर अजून कुणी बोललं नाही. नायट्राईट. माशाच्या अमोनियापासून जिवाणू ते बनवतात, फ्लॉक बसेपर्यंत ते वाढतंच, आणि नायट्राईट कल्ल्यातल्या त्याच दारातनं आत शिरतं जिथनं मासा क्लोराईड ओढतो. आत गेलं की हिमोग्लोबिन निकामी, रक्त चॉकलेटी होतं, कल्ला उचलून बघितला की लगेच कळतं, लालऐवजी तपकिरी. पाण्यात क्लोराईड भरपूर असलं तर दारावर नायट्राईटला जागा मिळत नाही. हिशोब असा की क्लोराईड नायट्राईटच्या किमान दहापट पाहिजे. लिटरला १ ग्रॅम मीठ टाकलं की ६०० मिलिग्रॅम क्लोराईड होतं म्हणजे तेवढ्यात काम होतं, ५ ग्रॅमची गरज नाही त्यासाठी.

मीठमसाला
आयोडीनवालं चालतं का? दुकानदार म्हणतो मासे मरतील, "माशांचं स्पेशल मीठ" म्हणून किलोला काहीतरीच भाव लावतो.

बायोफ्लॉक_सिन्नर
जाडं मीठ घ्या, गुरांना देतात ते, गोणीत मिळतं, स्वस्त. आयोडीनची भीती उगाच आहे, दहा लाखात ३० भाग असतं ते, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. फक्त एक, टाकीत अमोनिया शोषायला झिओलाइट (एक खनिज) टाकलेला असेल तर आधी काढा. मीठ पडलं की झिओलाइट धरून ठेवलेला अमोनिया सोडून देतो आणि मग मीठ बदनाम होतं.

पेणकर_सातपूरला
मी मूळचा पेणचा, इथं कंपनीत आहे. आमच्याकडं खाजणाच्या तळ्यात जिताडा असतो, उन्हाळ्यात पाणी खारं कडू आणि पावसाळ्यात आठ दिवसात गोडं होतं, जिताड्याला काही फरक पडत नाही, उलट तरारतो. आणि रोहू टाकला खाऱ्यात तर तडफडतो. हे कसं? चिलापीचं पण ऐकलंय की खाडीत सापडते.

झूलॉजीवाली
पेणचा जिताडा नाशकात बसून आठवायला लावलात, पाप लागेल 😋

समुद्रात सगळं उलटं होतं. बाहेर लिटरला ३५ ग्रॅम, आत माशाचं १०-१२ च्या घरात, त्यामुळे पाणी अंगातनं बाहेर जातं, मासा पाण्यात राहून सुकत असतो. म्हणून समुद्रातला मासा पाणी पितो. होमर स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये रंग मिसळलेल्या पाण्यात ईल (सापासारखा लांब मासा) ठेवून हे दाखवलं, रंग आतड्यात सापडला. पाण्याबरोबर मीठही आत येतं, आणि माशाच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा खारट लघवी करताच येत नाही, मग ते मीठ काढायचं कुठनं? कल्ल्यातनं. १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी ईलच्या कल्ल्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी दाखवल्या, हे कीज म्हणजे तेच अॅन्सेल कीज जे पुढे कोलेस्टेरॉल आणि हृदयरोगावरून जगभर गाजले, सुरुवात माशाच्या कल्ल्यावरून केलेली. मॅग्नेशियम, सल्फेट असले जड क्षार मात्र मूत्रपिंडातनं जातात.

जिताडा, चिलापी, बोय यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या पेशी तयार करायची सोय आहे. गोड्या पाण्यात प्रोलॅक्टिन हॉर्मोन वाढतं आणि मीठ आत ओढणाऱ्या पेशी येतात, खाऱ्यात कॉर्टिसॉल हे दुसरं हॉर्मोन वाढतं आणि बाहेर फेकणाऱ्या येतात. प्रोलॅक्टिन म्हणजे तेच, आपल्यात आईला दूध येण्यासाठी लागणारं. १९५९ ला किलीफिश नावाच्या छोट्या माशावर प्रयोग झाला, पिट्यूटरी (प्रोलॅक्टिन बनवणारी मेंदूखालची ग्रंथी) काढलेला मासा गोड्या पाण्यात मरायचा, प्रोलॅक्टिन टोचलं की जगायचा. रोहूकडे ही अदलाबदल फार थोडी. उलट मोझांबिक तिलापिया हळूहळू सवय लावली तर समुद्राच्या तिपटीहून खाऱ्या पाण्यातही जिवंत राहिल्याची नोंद आहे. पण "हळूहळू" महत्त्वाचं, पेशी बदलायला काही दिवस लागतात, आणि गारठ्यात ते दिवस वाढतात. तुमच्या खाजणात आठ दिवस मिळाले म्हणून जमलं, आणि पाणीही उबदार.

काठावरचा
मुशीचं काय? तिला पण पाणी प्यावं लागतं का? मार्केटमध्ये मुशीचा वास जरा उशीर झाला की सहन होत नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे असं कुठंतरी वाचलं होतं.

झूलॉजीवाली
आहे ना. मुशी हा शार्क, तिने वेगळीच युक्ती काढली, रक्तात युरिया साठवून ठेवते एवढा की रक्ताचा एकूण परासरण दाब समुद्राच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्त होतो, मग पाणी बाहेर जायचा प्रश्नच नाही. युरिया प्रथिनांना बिघडवतो म्हणून सोबत आणखी एक पदार्थ ठेवते जो प्रथिनं सांभाळतो. मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात, तो तुमचा वास.

मीठमसाला
हे वाचून आज मुशीचं कालवण रद्द 🙏 एक विचारतो, लोणारसारखं सोड्याचं पाणी असेल तिथं मासा टाकला तर?

झूलॉजीवाली
मीठ एकवेळ जमेल, अडचण पीएचची. मासा अमोनिया कल्ल्यातनं बाहेर सोडतो, पीएच १० च्या पाण्यात तो बाहेर जाईना. केनियात मगाडी नावाचं सोड्याचं सरोवर आहे, तिथल्या छोट्या तिलापियाने अमोनियाचा नाद सोडून सगळा नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकायला सुरुवात केली. आपल्या चिलापीला ते जमत नाही, तेव्हा प्रयोग नको.

द्राक्षवाला_निफाड
वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. आता माझं सांगा. ५ ग्रॅम म्हंजे टाकीला ५० किलो, एक गोणी, परवडतं. मग शेततळ्यात पण टाकून देऊ का एकदाच, कटकट नको?

बायोफ्लॉक_सिन्नर
अहो हिशोब करा!! २० लाख लिटरला १० टन मीठ. आणि त्या पाण्यावर द्राक्ष आहेत तुमची. नुसतं १ ग्रॅम टाकलं तरी पाण्याचा ईसी (क्षार मोजायचं माप) जवळपास २ ने वाढतो आणि द्राक्षाला १ च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, पानांच्या कडा जळतात. मीठ उडून जात नाही, पाणी उडतं, उन्हाळ्यात अजून घट्ट होणार. चिलापीच्या नादात बाग घालवाल.

झूलॉजीवाली
शंभर टक्के. शेततळ्याला एकच औषध, खोली. थंडीत जाळं ओढू नका, वजन बघायला मासे काढू नका, १८ च्या खाली खाद्य बंद. मोठा माल डिसेंबरच्या आधी विका. आणि तुमचं पाणी बोअरचं आहे का कॅनॉलचं?

द्राक्षवाला_निफाड
शेततळ्यात कॅनॉलचं, टाकीत बोअरचं. बोअरचं जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

झूलॉजीवाली
मग टाकीचं पाणी बदलू नका, ते जड असणं फायद्याचं. कॅल्शियम कल्ल्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतं, गळती कमी होते. हलक्या पाण्यात तोच मासा जास्त मीठ गमावतो. कॉलेजरोडवाल्यांनी पण पावसाळ्यात लक्ष ठेवा, तेव्हा धरणाचं पाणी एकदम हलकं येतं.

मीठ एकदम ओतू नका. पाणी १८-२० असतानाच, म्हणजे लाट यायच्या आधी सुरू करा, दिवसाला लिटरमागे १ ग्रॅम, बादलीत विरघळवून, हवेच्या नळीजवळ. टाकीवर रात्री ग्रीन नेट नाही, प्लास्टिक टाका, वरून उष्णता जाते तीच जास्त. नळीतनं येणारी हवासुद्धा पहाटेची बर्फासारखी असते, ब्लोअर शेडमध्ये घ्या.

द्राक्षवाला_निफाड
आणि फेब्रुवारीत बोटुकली शेततळ्यात सोडायची तेव्हा? तिथं मीठ नाही.

झूलॉजीवाली
५ ग्रॅममध्ये मासा गोड्या पाण्याच्याच पद्धतीने चालतो, मीठ आत ओढणाऱ्या पेशी चालूच असतात, फक्त काम हलकं असतं. दिशा उलटायला १० च्या वर जावं लागतं. त्यामुळे परतीचा प्रवास अवघड नाही, रोज पाचवा हिस्सा पाणी काढून साधं भरत जा, ग्रॅम-दीड ग्रॅमच्या खाली आलं की सोडा. पण शेततळं २० अंशाला टेकल्याशिवाय सोडायचं नाही, सकाळचं माप बघा, दुपारचं नको.

बायोफ्लॉक_सिन्नर
आणि ते काढलेलं पाणी बागेच्या पाटात सोडू नका म्हंजे झालं, विहिरीच्या बाजूला पण नको. मी एका कोपऱ्यात जुना कागद अंथरून उथळ खड्डा केलाय, उन्हाने आटतं, खाली उरलेलं मीठ पुढच्या थंडीला वापरतो.

द्राक्षवाला_निफाड
ते भारी आहे, करतो. गोणी उद्याच आणतो, पिंपळगावला जायचंच आहे.